दुसऱ्या दिवशीची आई

मुळशी धरणाच्या काठावर जायचं तर पावसाळा सोडून जावं. पावसाळ्यात ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांग चांदणी चौकापासूनच लागते, आणि पाण्याजवळ पोचेपर्यंत भाजलेली कणसं, कांदाभजी आणि कुणाच्या तरी गाडीतली गाणी यांनी डोकं भरून जातं. दिवाळी उलटल्यावर एखाद्या आडवारी सकाळी लवकर निघा. पिरंगुट, पौड, माले अशी गावं मागं पडली की रस्ता पाण्याच्या कडेकडेनं वळायला लागतो. एखादं जांभळीचं झाड बघून बसा. खोडाला पाठ टेकता आली तर टेका. ताठ बसल्याशिवाय मनन होत नाही असं काही नाही.

विषय मात्र सिनेमाचा आहे. सिनेमावर कसलं मनन, असं वाटेल. पण आईसाठी आपण चारचौघांत पहिल्यांदा रडलो ते बहुधा थिएटरच्या अंधारातच, आणि बाहेर आल्यावर डोळे पुसून रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली. त्या रडण्याचं पुढं काय झालं, एवढंच आज पाण्याकडे बघत शोधायचं आहे. घाई नाही. वाचता वाचता कुठं अडलात तर तिथंच थांबा, उरलेलं उद्या वाचलं तरी चालेल.

सिनेमा आहे ‘स्टेला डॅलस’. अमेरिकेतला, १९३७ चा. दिग्दर्शक किंग व्हिडोर, निर्माता सॅम्युएल गोल्डविन, आणि स्टेलाच्या कामात बार्बरा स्टॅनविक. ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांच्या १९२३ च्या कादंबरीवर १९२५ मध्ये एक मूकपट होऊन गेला होता, हा त्याच गोष्टीचा बोलपट. पाहिला नसेल तरी अडत नाही. ऐकत ऐकत डोळ्यांसमोर उभा करा.

स्टेला ही गिरणी कामगाराची पोर. गिरणीच्या कचेरीत वरच्या जागेवर असलेल्या स्टीफन डॅलसशी तिचं सूत जुळतं. लग्नाआधीच्या एका संध्याकाळी दोघं सिनेमा बघून बाहेर पडतात आणि ती त्याला म्हणते की आपल्याला सिनेमातल्या माणसांसारखं व्हायचंय, तसं नीटस बोलायचं, नीटस वागायचं. ही इच्छा आत्ता बाजूला ठेवून द्या, पण विसरू नका. पुढचा सगळा सिनेमा या इच्छेची किंमत तिच्याकडून वसूल करतो.

लग्न होतं, लॉरेल जन्मते, नवरा कामासाठी न्यूयॉर्कला जातो आणि संसार हळूहळू उसवतो. स्टेलाचं हसणं मोठं, कपडे भडक, झालरी आणि बांगड्या जरा जास्तच. लेकीचे कपडे मात्र ती स्वतः मशीनवर बसून शिवते आणि ते अगदी बेताचे, देखणे असतात. लॉरेलच्या वाढदिवसाला टेबल मांडलेलं असतं, ताटाताटाशी पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या असतात, आणि एकही पोर फिरकत नाही, कारण तिच्या आईच्या वागण्याबद्दल गावात कुजबुज झालेली असते. मायलेकी रिकाम्या खुर्च्यांमध्ये जेवायला बसतात.

मग आगगाडीतली रात्र. सुट्टीच्या ठिकाणी स्टेलाच्या नटण्याचं हसं झालेलं असतं. परतीच्या गाडीत काही मुली तिच्यावरून खिदळतात, आणि पडद्याआडच्या बर्थमध्ये मायलेकी दोघीही ते ऐकतात. लॉरेल आपली जागा सोडून आईजवळ येते, तिला बिलगून झोपते. आई झोपेचं सोंग घेते.

इथं थांबू या.

आपण सगळं ऐकलंय हे लेकीला कळू नये म्हणून आई झोपलेली. आईनं काहीच ऐकलं नसेल या आशेनं लेक बिलगलेली. दोघींपैकी एकीनं जरी डोळे उघडले असते तरी गोष्ट तिथंच संपली असती, आणि मला वाटतं, बरी संपली असती. आपल्या घरात अशी सोंगाची झोप कुणी, कधी घेतली होती ते आठवा. रात्री बाप हलक्या आवाजात कर्जाचं बोलत होता तेव्हा. बहिणीचं स्थळ मोडल्याचा निरोप आला तेव्हा. तुम्ही गोधडीत जागे होतात. आईही जागी होती का, हे तुम्ही पुढं कधी विचारलं नाहीत. पाण्याकडे बघत थोडा वेळ एवढंच मनात धरा.

त्या रात्रीनंतर स्टेला ठरवते. नवऱ्याची जुनी मैत्रीण हेलन ही श्रीमंत, समंजस विधवा. स्टेला तिच्या दारात जाते आणि सांगते, मी घटस्फोट देते, तुम्ही लग्न करा आणि लॉरेलला तुमच्याजवळ ठेवा. लॉरेलला हे कळतं आणि ती आईकडं परत येते. तेव्हा स्टेला नाटक करते. रेकॉर्ड लावते, सिगारेट पेटवते, एका दारुड्या मित्राशी लग्न करणार असल्याची थाप मारते, आणि वर ऐकवते की बाईला आईपण सोडून आणखीही काही व्हावंसं वाटतं. लेक दुखावून निघून जाते. आईला हवं तेच होतं.

पटकथेत हे वाक्य खोटं म्हणून आलंय. मला ते तितकं खोटं वाटत नाही. सिनेमातल्यासारखं व्हायचं होतं त्या बाईला आपल्या मनातलं बोलायची मोकळीक सबंध गोष्टीत एकदा मिळाली, आणि तीही थाप मारायच्या निमित्तानं.

शेवट बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असेल. न्यूयॉर्क, पाऊस, मोठ्या घरात लॉरेलचं लग्न. हेलननं खिडकीचे पडदे मुद्दाम उघडे ठेवायला लावलेत. बाहेर रस्त्यावरच्या गर्दीत, कुंपणाच्या गजांशी, स्टेला भिजत उभी. पोलीस सगळ्यांना पुढं हाकलतो. नवरा मुलीचा मुका घेईल तेव्हा तिचा चेहरा बघू दे, एवढं ती त्याच्याकडं मागते. तो चेहरा बघून झाल्यावर ती वळते, आणि रुमालाचं टोक दातांत धरून, ओल्या चेहऱ्यानं हसत, कॅमेऱ्याच्या दिशेनं चालत येते. बार्बरा स्टॅनविक चार वर्षांची असताना तिची आई गेली होती आणि पुढं बापही घर सोडून गेला होता. हे काम केलं तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. ऑस्करचं नामांकन मिळालं, ऑस्कर मिळालं नाही.

या चालण्यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाला त्यात हार दिसत नाही, आपल्या वाटेनं निघालेली बाई दिसते. काही स्त्रीवादी अभ्यासकांना तिथं बाईला खिडकीबाहेर उभं करून तिच्याकडून हसू वसूल करणारी व्यवस्था दिसते. दोन्ही म्हणणी ऐकण्यासारखी आहेत. आपला प्रश्न त्याहून अडाणी आहे. ती चालत गेली कुठं? रात्री तिनं काय खाल्लं? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केलं?

अमेरिकेतल्या बायकांनाही हा प्रश्न पडला असावा. सिनेमा आला त्याच वर्षी तिथल्या रेडिओवर ‘स्टेला डॅलस’ची मालिका सुरू झाली, त्यागाच्या पुढची गोष्ट सांगणारी, आणि ती १९५५ पर्यंत चालली. त्या मालिकेनं स्टेलाला भलभलत्या साहसांत ढकललं, मूळ लेखिकेला ते मुळीच रुचलं नाही, आणि कलाकृती म्हणून तिचं फारसं काही शिल्लक नाही. पण अठरा वर्षं घरकाम करता करता बायका तो रेडिओ लावत होत्या. खिडकीसमोरून हललेली आई पुढं जगते कशी, हे त्यांना ऐकायचं होतं.

आजच्या मननाचा धागा तोच आहे. त्यागाचा क्षण सिनेमावाल्यांनी दाखवून झाला. आपण दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

आता दूरची गोष्ट सोडून घरची घ्या. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा सिनेमा केला, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा कथापटासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच सिनेमाला गेलं. पालगडचं कर्जात बुडत चाललेलं घर, आणि त्यात एक आई. आपण तिला फोटोत घालून, हार चढवून पार गरीब गाय करून टाकली आहे. पुस्तक पुन्हा काढून बघा. पोहायला भिऊन लपून बसलेल्या पोराला ती झोडपून विहिरीवर धाडते. मोळी खाली पडलेल्या म्हातारीला हात लाव म्हणून सांगते, आणि गाव काय म्हणेल ते ऐकून घ्यायला तयार असते. दारात येऊन वेडंवाकडं बोलणाऱ्या सावकाराच्या माणसाला तोंडावर सुनावते. स्टेला लेकीपासून दूर होऊन देते. ही बाई लेकाला हाताशी धरून देते, आणि देताना त्याच्याकडून बरंच काही मागते. तिच्या वाट्याला दुसरा दिवस आला नाही. लेक पोचायच्या आत ती गेली. गुरुजींची आई १९१७ मध्ये गेली तेव्हा त्यांना अठरावं संपायचं होतं. पुढं सोळा वर्षांनी कोठडीत बसून त्यांनी तिचे दिवस रात्रीमागून रात्र सांगून काढले.

या जातीच्या सिनेमांत दुसरा दिवस दाखवणारा मोठा सिनेमा म्हणजे मेहबूब खानचा १९५७ चा ‘मदर इंडिया’. गोळी झाडणारी आई सगळ्यांच्या लक्षात राहते, पण सिनेमा सुरू होतो तो म्हातारीपासून. राधा मातीचं ढेकूळ गालाशी धरून बसली आहे, मागं यंत्रं चालली आहेत, आणि गावातली माणसं तिला नव्या कालव्याचं उद्घाटन करायला घेऊन जायला आली आहेत. लेक गेला, आयुष्य गेलं, आणि बदल्यात हार आणि कालवा. ते वाहतं पाणी बघताना तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे प्रत्येकानं स्वतः बघावं. मला तिथं अभिमान फारसा दिसत नाही.

डोळे उघडा. तुमच्यासमोरही धरणाचंच पाणी आहे.

हे पाणी पुण्याच्या नळाला येत नाही. निळा आणि मुळा या नद्यांवर टाटा कंपनीनं बांध घातला आणि पाणी उलट्या दिशेला, कोकणाकडं वळवलं. सह्याद्रीच्या पोटातून आणि नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला कोसळतं. १९२७ पासून तिथं वीज तयार होते आणि मुंबईला जाते. गिरण्या, लोकल, घरं, थिएटरं. ‘श्यामची आई’ मुंबईत लागला तेव्हा प्रोजेक्टरच्या दिव्यात या पाण्याचा काही वाटा असेलही. शेकडो माणसं अंधारात बसून एका आईसाठी रडली, आणि तो अंधार भेदणारा उजेड कुणा दुसऱ्याच आयांच्या खाचरांवरून आलेला.

कारण पाण्याखाली पन्नासेक गावांची जमीन आहे, आंबेमोहोर पिकवणारी. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारनं ती एका खासगी कंपनीसाठी घेतली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे होते, पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यानं दिलं. बायकाही बसल्या, बायकाही तुरुंगात गेल्या. पुष्कळ जमिनींचे कागद सावकारांच्या हातात होते, आणि सावकाराला मोबदला घेऊन मोकळं व्हायचं होतं. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. राजेंद्र व्होरा यांनी हा सगळा इतिहास अभ्यासून मांडला आहे. १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली, हत्यार उचललं आणि लांब मुदतीच्या शिक्षेवर गेले. चळवळ तिथं विझली.

पुस्तकांतही पडदा साधारण इथंच पडतो. तुम्ही थांबा. पाणी चढायला लागलेल्या त्या पहिल्या पावसाळ्यातली एक बाई डोळ्यांसमोर आणा. तिला नाव द्यायची गरज नाही. डोंगराच्या वरच्या अंगाला नवं झोपडं पडलंय. चूल कुठं मांडायची ते ठरलेलं नाही. जातं वर आणलं का, तुळस वर आणली का, खालच्या घराच्या दाराची चौकट काढून आणता आली का? भाताचं खाचर गेलं, आता उताराची नाचणी आणि वरई. पोरगं विचारतंय, आपलं घर कुठंय, आणि ती पाण्याकडं बोट करते. पुढच्या पिढ्यांना हे सांगताना आपण ‘त्याग’ म्हणतो, विकासासाठी केलेला. जिला कुणी विचारलंच नाही, तिनं दिलं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिच्याकडून घेतलं, एवढंच म्हणावं. कुणाच्याही त्यागाची गोष्ट ऐकाल तेव्हा हा एक फरक तपासून घेत चला. पुष्कळ गोष्टी पहिल्याच फटक्यात कोसळतील.

आता पाण्याकडं पाठ करा आणि पुण्याच्या दिशेनं तोंड करा. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात आहे. भूगाव, लवळे, पिरंगुट, टेकड्यांवर चढलेले बंगले, कॉलेजं, कारखाने. शंभर वर्षांपूर्वी ज्या मावळात जमीन सोडायची नाही म्हणून माणसं तुरुंगात गेली, तिथं आता जमीन रोज सुटते, आणि ती सोडणाऱ्यांत आया असतात. फक्त इथं खिडकी नसते, रजिस्टर ऑफिस असतं.

एक म्हातारी मनात उभी करा. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात नायलॉनची पिशवी. पिशवीत आधार कार्ड, दोन फोटो आणि गोळ्यांची पट्टी. नवरा वारल्यावर वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्याला लागलंय, लेकालेकींच्या बरोबरीनं. वडिलोपार्जित जमिनीत लेकींचा जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मानला, देशानं २००५ मध्ये. नवऱ्याच्या मागं विधवेला मुलांएवढा वाटा १९५६ पासूनच आहे. म्हणून विकायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, नाहीतर आधी बाकीच्यांचं हक्कसोडपत्र. एजंट सकाळपासून ऑफिसबाहेर फोनवर आहे. गाडीत एसी लावून बहिणी बसल्या आहेत, एक जण फुरंगटलेली.

‘‘आये, हितं अंगठा ठेव.’’

‘‘कशाचं रं ह्ये?’’

‘‘हक्कसोड. मागं बोललो व्हतो न्हवं.’’

मशीनच्या लाल काचेवर ती अंगठा ठेवते. अंगठा उठत नाही. ऑपरेटर पोरगा म्हणतो, ‘‘आजी, पुसून घ्या जरा.’’ ती पदराला अंगठा पुसते, पुन्हा दाबते. मशीन पुन्हा नाही म्हणतं. भात लावून, शेणी थापून, राखेनं भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. ज्या कामानं जमीन तिची झाली, त्याच कामानं तिची ओळख पुसलेली. लेक तिचं मनगट धरून अंगठा जोरानं दाबतो. मग दुसरं बोट बघतात, मग डावा हात. शेवटी कुठल्यातरी बोटाला हिरवा दिवा लागतो. ‘‘इकडं बघा आजी,’’ म्हणून कॅमेऱ्यात फोटो निघतो. साहेब मान वर करून विचारतात, राजीखुशीनं सही करताय ना? ती म्हणते, ‘‘व्हय.’’

या ‘व्हय’पाशी बसा. लगेच रागावू नका, हळवेही होऊ नका. ते खोटं नसतं. लेकाचं घर व्हावं, नातवाला पुण्यात शिकायला ठेवता यावं, हे तिला मनापासून हवं असतं. आणि सगळ्याच गोष्टी वाईट संपत नाहीत. नव्या घरात गुडघे धरलेल्या कितीतरी आयांना आत संडास मिळाला, स्वतःची खोली मिळाली, आणि त्या खूश आहेत. हे न बघता नुसते उसासे टाकणं ही शहरातल्या माणसाची लबाडी आहे. पण त्या कागदात विनामोबदला असा शब्द असतो. तिला विचारलेला प्रश्न होकाराचाच असतो. तुला ही जमीन ठेवायची आहे का, निदान दोन गुंठे, तुझ्या नावावर, असा प्रश्न त्या खोलीत विचारायचा रिवाज नाही.

बाहेर येऊन सगळे मिसळ खातात. तिला कवळीनं जमत नाही, ती चहात पाव बुडवते. बहिणींना साड्या दिल्या जातात. तिलाही एक.

आणि मग दुसरा दिवस, जो इथं वर्षानुवर्षं चालतो. ती पाचला उठते, कारण पाचला उठायची सवय आहे. पाय आपोआप बांधाकडं निघतात. तिथं तारेचं कंपाउंड आणि लोखंडी गेट झालंय. खुर्चीवर बसलेला वॉचमन लांबच्या जिल्ह्यातला, तिला ओळखत नाही. ‘‘मावशी, इकडनं वाट न्हाई,’’ तो म्हणतो. त्याचंही काम आहे. ती म्हणते, ‘‘न्हाई बाबा, जरा आंबा बघायला आलते.’’ आंब्याचं झाड तिनंच लावलेलं. ती गजातून बघते, मोहर धरलाय का ते. मग घरी येते आणि दिवसभराचं काय करायचं ते तिला सुचत नाही, कारण तिच्या दिवसाला आकार देणारं शेत होतं. टीव्हीवर सासवा-सुना भांडत असतात.

प्रवीण तरडे हा मुळशीतलाच माणूस. त्यानं २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ काढला तेव्हा तालुक्याचं हे दुखणं महाराष्ट्रभर पोचलं. जमीन विकून बसलेला बाप मोहन जोशी, आणि गुन्हेगारीत घसरलेला त्याचा लेक ओम भूतकर. गोष्ट बाप-लेकाची, आई कडेला. पाच वर्षांनी सुजय डहाके यांनी कृष्णधवल रंगात ‘श्यामची आई’ पुन्हा केला, आणि त्यात साने गुरुजी झाला तो हाच ओम भूतकर. हा निव्वळ योगायोग, पण बसल्या बसल्या त्यावर मन ठेवण्यासारखा. जमीन गेल्यावर वाया गेलेला लेक आणि आईचं देणं तुरुंगात बसून लिहिणारा लेक, चेहरा एकच. दोन्हीकडं आईकडं बघणारे डोळे लेकाचे आहेत. मी काय झालो, हा लेकाचा प्रश्न. ‘स्टेला डॅलस’ला मी त्यासाठीच मानतो की ती आपल्याला, थोडा वेळ का होईना, आईच्या जागेवर रस्त्यात उभं करते, आणि तिथून घर कसं दिसतं ते दाखवते.

ऊन वर आलं असेल. आता शेवटचं, आणि हे सिनेमाशिवाय करायचं आहे.

तुमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ असेल. आईनं पाटल्या मोडून तुमची फी भरली. आईनं नोकरी सोडली. आईनं माहेरच्या जमिनीवर भावांसाठी सही केली. दसरा-दिवाळीला, तुमच्या सत्काराला, ही गोष्ट सांगितली जाते आणि सांगणाऱ्याचा आवाज दरवेळी त्याच ठिकाणी जड होतो. ती गोष्ट मनात आणा आणि जिथं ती संपते तिथून पुढं चालायला लागा. पाटल्या मोडल्यानंतर घरात पहिलं लग्न कुणाचं झालं? त्या लग्नाला ती हातात काय घालून गेली? कुणी विचारलं असेल, काय गं, पाटल्या कुठं, तेव्हा ती काय म्हणाली? नोकरी सोडल्यावर पहिल्या सोमवारी, सगळे डबे घेऊन निघून गेल्यावर, ती कुठल्या खोलीत बसली? आठवत नाही? तुम्ही तिथं नव्हतात. तुम्ही कॉलेजात होतात, तिच्याच पैशांवर. त्या रिकाम्या घरात थोडा वेळ बसून या. काही करायचं नाही. फक्त बसायचं, दुपार होईपर्यंत.

मग आणखी मागं जा, देण्याच्या आधीपर्यंत. तिला काय व्हायचं होतं? उत्तर येत नसेल तर ओढून आणू नका. तिलाच विचारायचं.

पण आई, तुला काय हवं होतं, असं एकदम विचारलंत तर एकच उत्तर मिळेल: मला मेलीला काय हवंय! पिढ्यान्‌पिढ्यांचं तयार उत्तर आहे ते. त्यापेक्षा छोटं काहीतरी विचारा. लग्नाआधी सिनेमा कुठला बघितला होता? कुणाबरोबर गेली होतीस, तिकिटाचे पैसे कुणी दिले, घरी काय सांगून निघालीस? आई नसेल तर मावशीला फोन लावा. मावश्यांना सगळं माहीत असतं आणि त्या कधीपासून कुणी विचारायची वाट बघत असतात.

ती सांगायला लागली की मध्येच तिचे उपकार काढू नका. तू आमच्यासाठी किती केलंस, हे आत्ता नको. ती जे सांगेल त्यात तुम्ही कदाचित कुठंच नसाल. जत्रेतल्या तंबूत बघितलेला कुठला तरी सिनेमा असेल, एखादा हिरो आवडला असेल, घरी येऊन बापाचा मार खाल्ला असेल, मैत्रिणीचं नाव आठवत नसेल आणि त्यावर ती बराच वेळ अडून बसेल. अडू द्या. नाव आठवायच्या नादात ती चहा टाकायला उठेल. तिला खाली बसवा आणि गॅसजवळ तुम्ही जा. साखर किती घालायची ते मात्र तिला विचारावं लागेल.